पट्टी कोणी ठरवायची

रविवारी सकाळी आमच्या घरात भांडण झालं नाही, तर आईला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. भांडणारे दोघं. एक माझे वडील आणि दुसरे चाचा. चाचा नात्याने आमचे कोणी नाहीत. ते आणि बाबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात एकाच पाळीत लागले, कॉलनीत शेजारी-शेजारी राहिले आणि निवृत्त झाल्यावर नाइलाजाने वेगळे झाले. आम्ही जेल रोडला फ्लॅट घेतला, ते देवळाली गावातल्या आपल्या घरी गेले. रविवार मात्र ठरलेला होता. चाचा पेटी वाजवायचे, बाबा तबला. ऐकायला एकटी आई, तीही स्वयंपाकघरातून.

भांडण व्हायचं ते पट्टीवरून. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांपैकी कुठली 'सा' मानायची, हे एकदा ठरलं की सगळा कारभार तिथून चालतो. काळी एक, पांढरी दोन, अशी त्यांची साधी नावं. चाचांचा हात तयार होता, त्यांना कुठलीही पट्टी सारखीच. तबलजीचं तसं नसतं. त्याला हातोडी घेऊन, कडेचे लाकडी गट्टे ठोकत ठोकत, चामडं ताणून तो सूर वर आणावा लागतो. आणि रिवाज असा, की तबला पेटीला मिळवायचा. पेटी काही उठून तबल्याकडे जात नाही. म्हणजे पट्टी ठरवायचा मान चाचांचा, आणि हा मान चाचांनी कधी वाया घालवला नाही.

बाबा सकाळी अंघोळ करून, काळी एकला तबला लावून, मांडी घालून तयार असायचे. चाचा यायचे, पाणी प्यायचे, पंख्याखालची जागा धरायचे, पेटीचा भाता उघडायचे आणि म्हणायचे, "आज काळी दोन घेऊ यार. काळी एक उदास वाटते."

"पट्टी उदास असते का रे कधी?"

"तुझ्या तबल्यावर असते."

मग हातोडी. मग चाचांचं पट्टीवर बोट ठेवून बसणं आणि "अजून थोडा, अजून थोडा, गेला, गेला, उतरव" हे सांगणं. मग बाबांचं, "तूच ये आणि लाव." निम्मी सकाळ ह्यात जायची. वाजवणं उरलेल्या निम्म्यात. लहानपणी मला वाटायचं, भांडण हाच मुख्य कार्यक्रम आहे आणि तबला हा त्याचा प्रसाद. आता वाटतं, लहानपणी माझी समज बरी होती.

गेल्या हिवाळ्यात चाचांना अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, सौम्य आहे. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात काही सुधारला नाही. बोटं मिटून बसली ती बसलीच. चाचांनी पेटी हिरव्या कापडात गुंडाळून कपाटावर ठेवून दिली आणि आमच्याकडे येणं बंद केलं.

रविवार मग उलटा झाला. बाबा देवळाली गावात जायचे. स्कूटरवर त्यांना सोडायला मी, म्हणून मीही तिथे बसायचे. त्या भेटी बघवत नव्हत्या. चाचा म्हणाले, ह्या वर्षी थंडी फार आहे. बाबा म्हणाले, हो, फारच. थोड्या वेळाने चाचा म्हणाले, तशी काही विशेष थंडी नाही म्हणा. बाबा म्हणाले, तेही खरंच. माझ्या बापाला मी जन्मात कोणाच्या एका वाक्याला मान डोलावताना पाहिलं नव्हतं, आणि इथे ते एकमेकांच्या विरुद्ध असलेल्या दोन वाक्यांना डोलावत होते. तब्येत, गोळ्या, कोथिंबिरीचा भाव. हाताचं नाव नाही, पेटीचं नाव नाही. तासाभराने दोघंही सुटल्यासारखे उठायचे.

घरी आल्यावर बाबा तबल्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. आईची जुनी चादर त्यावर टाकली होती, तीच राहिली. "एकटा वाजव की," आई म्हणायची. बाबा म्हणायचे, "भिंतीशी गप्पा मारू?" तबलजीला एकट्याने वाजवायचं तरी लेहरा लागतो. म्हणजे पेटीवर एकच छोटी धून, फिरून फिरून तीच. तिच्यावरून तबल्याला कळतं, आपण तालात कुठे आहोत आणि सम कधी येणार. चाचांचा लेहरा म्हणजे बाबांचं घड्याळ होतं, आणि ते घड्याळ कपाटावर हिरव्या कापडात होतं.

जन्मभर ज्या आवाजाला आई 'खटखट' म्हणत आली, तो थांबल्यावर तिचंच लक्ष लागेना. एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "तुझ्या त्या कंप्युटरमधून काही होत असेल तर बघ बाई. हे दोघं असेच एकमेकांची मर्जी राखत राखत संपतील." मला ते वाक्य लागलं. कारण मलाही तीच भीती होती आणि मी ती कोणाजवळ बोलले नव्हते.

आता मी काय करते तेही सांगायला हवं. दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. घरी बसून करते. दिवसभर लोकांना 'हे चालत नाही, तेही चालत नाही' असं लिहून पाठवायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. आई म्हणते, हा गुण वडिलांकडून आला आणि त्यांना फुकट वापरावा लागला.

आधी सोपा रस्ता धरला. फोनवर तयार लेहऱ्याची ॲप मिळतात. एक उतरवून बाबांना ऐकवलं. त्यात सारंगी होती, ती गोड वाजत होती. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "चांगला आहे माणूस. माझ्या ओळखीचा नाही."

मग मी स्वतःच करायचं ठरवलं. माझ्या टॅबवर एक संगीताचं ॲप आहे. त्यात तयार वाद्यं नसतात. पडदा रिकामा. त्यावर आपण छोटे छोटे डबे आणून ठेवायचे आणि बोटाने एका डब्यातून दुसऱ्यात वायर ओढायची. एक डबा नुसते ठोके देतो, एक कुठला सूर ते सांगतो, एक आवाज काढतो, एक तो आवाज लहानमोठा करतो. वायरी जुळल्या की वाद्य तयार. नाही जुळल्या की शांतता, नाहीतर अशी शिट्टी की शेजारचा कुत्रा उठून बसेल. मी आजवर त्यात पावसाचे आणि मिक्सरचे आवाज काढून स्वतःला कलावंत समजत होते.

सुरांची रांग लावायचा जो डबा त्यात आहे, त्याला घरं सोळा. प्रत्येक घरात एक सूर ठेवायचा, ठोका एकेका घरावरून चालत जातो आणि शेवटच्या घरातून पुन्हा पहिल्यात येतो. ते पाहून मला हसूच आलं. हा डबा करणाऱ्याने बहुतेक तीनताल हे नावही ऐकलं नसेल, पण आमच्या सोळा मात्रा त्याने जशाच्या तशा मांडून ठेवल्या होत्या. पहिलं घर म्हणजे सम. माझं निम्मं काम परदेशात बसून कोणीतरी करून ठेवलं होतं.

चाचांचा लेहरा चंद्रकंसातला. तो मला आठवावाही लागला नाही. लहानपणापासून गृहपाठ त्याच्यावरच केला होता. एकेक सूर घरात ठेवत गेले. तेराव्या मात्रेला चाचा मध्यमावर जरा रेंगाळायचे आणि मग निषादाला चाटून समेवर यायचे, तेही बसवलं. भाता ओढल्यासारखा आवाज यावा म्हणून आवाजाच्या डब्यात एक हलकासा थरथराट घातला. माझ्या मागे उभी राहून आई म्हणाली, "शिवणाचा डबा उपडा झाल्यासारखं दिसतंय." बाबा आले, चष्मा लावून त्या वायरी बघत राहिले आणि म्हणाले, "हे तर आमच्या कंट्रोल रूमचं पॅनेल आहे." त्यांच्या आवाजात पुष्कळ दिवसांनी थोडी धुगधुगी आली.

लेहरा सुरू केला. बाबा दुसऱ्याच आवर्तनाला म्हणाले, "तेराव्याला घाई झाली. तो इतक्या लवकर सोडत नाही." मी दुरुस्त केलं. ते म्हणाले, "अजून." आणि कसं थांबायचं ते दाखवायला म्हणून त्यांनी चादर बाजूला केली आणि तबल्यावर बोट मारलं. तबला थंडीने भलतीकडेच गेला होता. माझा लेहरा पांढरी एकला, तबला काळी एकच्या आसपास कुठेतरी. दोन्ही मिळून जे ऐकू आलं, ते शेजारच्या कुत्र्यालाही सहन झालं नसतं.

"हातोडी देऊ?" मी विचारलं.

"नको," बाबा म्हणाले. "कोणासाठी लावायचा?" आणि चादर परत टाकली.

ठीक आहे, मी म्हटलं. तबला पट्टीकडे येत नसेल तर पट्टी तबल्याकडे नेऊ. सगळी धून एकदम वर किंवा खाली सरकवणारा एक डबा त्या ॲपमध्ये होता. मी त्याला एक गोल बटण जोडलं आणि बटणाभोवती काळी एक, पांढरी दोन, काळी दोन अशी नावं लिहिली. हौसेने बटण काळी एकवर फिरवलं. आणि काय झालं? काही नाही. सगळे सूर जागच्या जागी. निषाद तेवढा एक पट्टी पुढे सरकून 'सा'ला चिकटून बसला. बटण अजून फिरवलं, पांढरी दोनवर, तर धुनेची पार रया गेली. काही सूर पुढे, काही जागीच, दोघं एकाच जागी, चंद्रकंसाचा पत्ता नाही. बाबा आतून ओरडले, "कोणाचा लेहरा वाजवतेयस? त्याला म्हणावं घरी जा."

पहिला विचार धंद्याला साजेसा आला. ॲपमध्ये चूक आहे. मी ते ॲप करणाऱ्यांना तक्रारीची मेल लिहायला घेतली. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, सगळं मुद्देसूद. असं लिहिण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. शेवटी 'ही चूक पुन्हा कशी घडवता येईल' हे लिहायचं असतं, म्हणून वायरी एकेक करून तपासत गेले आणि कान लाल झाले. चूक माझीच होती.

झालं होतं असं. एखाद्या घरात भलताच सूर लागू नये म्हणून मी एक पहारेकरी डबा ठेवला होता. चंद्रकंसात बसणारे पाच सूर त्याला सांगून ठेवले होते. दुसरा कुठला सूर आला की हा त्याला धरून जवळच्या खालच्या सुरावर नेऊन बसवायचा. आणि हा पहारेकरी मी पट्टी सरकवणाऱ्या डब्याच्या नंतर उभा केला होता. धून काळी एकला जायला निघाली की दारातच हा तिला अडवायचा, "तुम्ही इथल्या नाही," म्हणायचा आणि मागे ढकलायचा. बिचारा सांगितलेलं काम इमानेइतबारे करत होता. पहारेकरी आधी हवा होता, घरात. एकदा धून नीट घडली की मग पट्टी कुठेही न्या. मी दोन वायरी काढून उलट जोडल्या. बटण फिरवलं, सगळी धून आपलं बिऱ्हाड घेऊन काळी एकला गेली, तेराव्या मात्रेसकट. मेल पुसून टाकली. चूक शोधून पगार घेणाऱ्या बाईने स्वतःच्या चुकीसाठी परदेशी लोकांना झापायला घेतलं होतं, हे ऑफिसात मी अजून सांगितलेलं नाही.

तबला नेमका काळी एकवर नव्हता, किंचित खाली होता. म्हणून आणखी एक बारीक बटण लावलं, दोन पट्ट्यांच्या मधल्या सुरावर थांबता येईल असं. मग टॅब बाबांच्या पुढ्यात ठेवला, तबल्यावर बोट मारायला लावलं आणि लेहरा हळूहळू आणून त्या बोटाला चिकटवला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ठेका धरला.

ते वाजवत होते आणि मी दारात उभी होते. आईने गॅस बारीक केला. थोडा वेळ छान गेला. एक कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांचा विस्तार, झाला, एकच तुकडा तीनदा वाजवायची तिहाई नीट समेवर आली, आणि बाबा थांबले. लेहरा एकटाच चालत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. चांगलं केलंयस."

"मग?"

"सगळं माझ्या मनासारखं आहे," बाबा म्हणाले. "पट्टी माझी, लय माझी, तबला लावायलासुद्धा लागला नाही. असं कधी वाजवलंय का मी?" आणि बंद कर म्हणाले.

इथवर निभलं असतं. पण आईला राहवलं नाही. लेकीचं कौतुक सांगायला तिने चाचींना फोन लावला. मी शेजारच्या खोलीत होते, मला स्पष्ट ऐकू आलं. "आता ह्यांचं काही अडत नाही हो. हिने मशीन बसवून दिलं, तुमच्याकडच्यासारखाच लेहरा वाजतो अगदी. आता कोणाची गरजच नाही!" आईच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. तिला फक्त शेवटचं वाक्य गिळायला जमत नाही.

पुढच्या रविवारी बाबांनी जाण्याआधी फोन केला, तर चाची म्हणाल्या, झोपलेत. मग दोन-तीनदा केला, झोपलेतच. एकलहऱ्यात पाळ्या करून झोपच मोडून गेलेला हा माणूस आता इतका झोपायला लागला, हे बाबांनाही पटेना. आईच्या फोनचं मी सांगितल्यावर ते आईवर चिडले नाहीत, माझ्यावरही नाही. खुर्चीत बसून राहिले. म्हणाले, "त्याला वाटलं असेल, मी दुसरा माणूस ठेवला." त्यांचा चेहरा मला बघवला नाही. मी टॅब पिशवीत घातला आणि त्यांना न विचारता स्कूटर काढली.

चाचा जागे होते. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मला पाहून "ये बेटा" म्हणाले, चाचींना चहा सांगितला, बिस्किटं पुढे केली. एवढा पाहुणचार मला त्या घरात कधी झाला नव्हता. एरवी मी स्वतः जाऊन डबा उघडायचे. मला कळलं, राग बराच खोल गेलाय.

"चाचा, एक ऐकवायचंय."

"ऐकलं मी. तुझी आई सांगत होती. अच्छा है. जमाना मशीनचा आहे."

मी लेहरा लावला. चाचा रस्त्याकडे बघत ऐकत राहिले. पहिलं आवर्तन, दुसरं. तिसऱ्याला मान माझ्याकडे वळली.

"हा तेरावा कोणी लावला?"

"मी. बाबांनी सुधारून दिला."

"दोघांनाही काही कळत नाही. मी तिथे थांबत नाही, नुसतं थांबल्यासारखं करतो. तुझ्या बापाला आजवर समजलं नाही म्हणून तर तो तिथे घसरायचा." आणि डाव्या हाताने खुणावलं, आण इकडे.

टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला. कुठलं घर कुठल्या मात्रेचं ते दाखवलं. डाव्या हाताच्या एका बोटाने ते घरं दाबायला लागले. दहा बोटांच्या माणसाचं एक बोट, ते सुरुवातीला अडखळलं. मी मदतीला हात पुढे केला, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. तेराव्या मात्रेचं काहीतरी केलं, चौदावी बदलली, आणि पडद्यातून अचानक आमचा रविवार ऐकू आला. खरोखरचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाचांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

"चाचा, तुम्ही या ना घरी. बाबा तुमच्यावाचून वाजवत नाहीत. हे यंत्र असूनही थांबले ते."

"तुझ्या बापाचं नाव काढू नकोस." आवाज चढला, पहिल्यांदाच. "मशीनचा राग नाही मला. पण तो येतो, समोर बसतो, आणि मी म्हणेन त्याला हो म्हणतो. त्या दिवशी मी म्हटलं, तबल्यात तुझा डग्गा नेहमी कच्चाच राहिला. म्हटलं, आता तरी भडकेल. तर म्हणाला, हो रे, खरंय तुझं. अरे, मला भेटायला येतो की मयतीला येतो, तेच समजत नाही."

माझा चहा पार निवला होता, तसाच प्यायले.

चाचांचं बोट मात्र पडद्यावर फिरत होतं. गोल बटणापाशी थांबलं. त्यांनी चष्मा वर केला आणि माझी अक्षरं वाचली. "काळी एक, पांढरी दोन... हे काय?"

"पट्टी. हे फिरवलं की सगळा लेहरा त्या पट्टीला जातो."

त्यांनी फिरवून पाहिलं. गेला. परत आणला. पुन्हा नेला. "एका बोटाने?"

"एका बोटाने."

"आणि हे तुझ्या बापाच्या हातात दिलं होतंस?" त्यांच्या तोंडावर एक जुनं हसू यायला लागलं. "बंदर के हाथ में उस्तरा! रविवारी येतो म्हणून सांग. आणि सांग, तबला काळी एकला लावून ठेव."

मी घरी येऊन निरोप दिला. बाबांनी त्याच संध्याकाळी चादर धुवायला टाकली. हातोडी शोधली, डग्ग्याला बोटाने थोपटून पाहिलं, आणि रविवारी सकाळी तबला काळी एकला असा लावला की मला बारीक बटणाची गरज उरली नाही. मला चारचारदा बजावलं, "त्याला दमवायचं नाही. तो म्हणेल तसं. कशावरून वाद नको." मी कपाळावर हात मारला. पण चाचा काय बोलले ते मी सांगितलं नाही. ते सांगून जमणारं काम नव्हतं.

चाचा आले. लिफ्टमधून बाहेर पडताना बाबांनी त्यांचा दंड धरला, खुर्ची पुढे केली, उशी आणली. पुढ्यात स्टुलावर टॅब. उजवा हात चाचांनी मांडीवर ठेवला आणि बाबांनी लगेच नजर दुसरीकडे नेली. चाचांनी ते पाहिलं.

"लावलास?"

"लावला. काळी एक. तू सांगितलंस तसाच."

चाचांनी बटण फिरवलं. "आज पांढरी दोन घेऊ यार. काळी एक उदास वाटते."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. बाबांनी हातोडी उचलली. "चालेल," ते म्हणाले. "तुला बरं वाटेल तसं." आणि मुकाट्याने गट्टे ठोकायला लागले. चाचांचा चेहरा पडला. सूर लागला, तसं बटण आणखी पुढे गेलं.

"काळी दोन."

बाबांनी एकदा वर पाहिलं. तबल्याची पुडी, म्हणजे ते वरचं चामडं, किती ताणली गेली होती, ते मला त्यांच्या कपाळावरच्या शिरेवरून कळत होतं. "जमेल," ते म्हणाले. "काही हरकत नाही." पुन्हा हातोडी. ह्या वेळी फार वेळ लागला. चाचा डोळे मिटून बसले होते आणि मला वाटलं, झालं, आता हे उठून जातील आणि परत येणार नाहीत.

तबला लागला. चाचांनी लेहरा सोडला. बाबांनी ठेका धरला, मग लय दुप्पट करून दुगुन केली. तेरावी मात्रा आली, थांबल्यासारखं झालं पण थांबलं नाही, आणि बाबांनी "वा!" म्हटलं. कायदा रंगला. हात तापला, मान डोलायला लागली, तिहाई सुटली. पहिला तुकडा, दुसरा, तिसरा, आणि सम येणार तेवढ्यात चाचांनी एका बोटाने सबंध लेहरा उचलून पांढरी तीनला नेला. बाबांचा शेवटचा 'धा' इतका बेसूर पडला की आईने कानांवर हात घेतले.

"अरे गाढवा!" बाबा अर्धवट उठलेच. "पुडी फाडायला आलायस का माझी? वाजत असताना पट्टी हलवतं का कोणी? सारा जन्म गेला तुझ्याबरोबर, अक्कल म्हणून आली नाही! एक हात गेला तुझा, पण खोड्या अजून दोन हातांच्या करतोस!"

ज्या हाताचं नाव इतके महिने कोणी काढलं नव्हतं, ते बाबांनी भर खोलीत ओरडून काढलं होतं. लेहरा पांढरी तीनला एकटाच फिरत होता. बाबांना आपण काय बोललो ते कळलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

चाचा त्यांच्याकडे बघत होते. डोळे भरून आले होते आणि हसू आवरत नव्हतं.

"आलास?" ते म्हणाले. "किती दिवस लावलेस यार यायला."

बाबा खाली बसले, बाहीने चेहरा पुसला. मग म्हणाले, "ती पट्टी आण खाली आधी."

"नाही आणत," चाचा म्हणाले, आणि बटणावर बोट ठेवून बसले. "अजून थोडा वर घे. अजून थोडा."

बाबांनी शिव्या घालत घालत हातोडी उचलली.